वेदनेच्या मार्गदर्शकाचे आश्वासन : 'फुल कॅटॅस्ट्रॉफी लिव्हिंग'मधील एक अंतर्विरोध

जुनाट वेदना आणि कर्णनाद या दोन व्याधींत एक महत्त्वाचे साम्य आहे. दोहोंबाबत रुग्णाच्या शब्दावाचून दुसरा पुरावा सहसा हाती लागत नाही. औषधोपचार थकले की 'आता यासह जगायला शिका' असे रुग्णाला सांगितले जाते. हे जगणे शिकवणारा मार्गदर्शक, म्हणजे आजच्या भाषेत 'कोच', नेमके कोणते आश्वासन देतो, हे तपासण्यासाठी जॉन कबात-झिन यांचा 'फुल कॅटॅस्ट्रॉफी लिव्हिंग' (१९९०) हा ग्रंथ येथे विचारात घेतला आहे.

१९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात कबात-झिन यांनी सुरू केलेल्या उपक्रमाचे विवेचन या ग्रंथात आहे. आठ आठवड्यांच्या या अभ्यासक्रमात साधक उताणा पडून डाव्या पायाच्या बोटांपासून मस्तकापर्यंत आपले अवधान क्रमाने फिरवतो. वाटेत वेदना लागली तर तिला ढकलायचे नाही, केवळ पाहायचे. या पद्धतीचे मूळ ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांच्या विपश्यना-परंपरेत आहे. इगतपुरीच्या केंद्रामुळे ती परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. त्या केंद्राचे प्रवर्तक सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये तीव्र अर्धशिशीने त्रासून ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. डोकेदुखी बरी करून घ्यायची असेल तर येथे येऊ नका, असे सांगून गुरूंनी त्यांना आधी परत पाठवले. या नकाराला मोठा अर्थ आहे. वेदना जाईल, या अटीवर शिष्य स्वीकारायचा नाही, ही मर्यादा गुरूने प्रारंभीच आखली होती.

कबात-झिन यांनी नेमक्या याच शिष्यांसाठी दार उघडले. त्यात करुणा आहे, धाडसही आहे. परंतु रुग्णालयात आलेला माणूस बरे होण्यासाठीच आलेला असतो. ग्रंथ त्याला पुन्हा पुन्हा बजावतो की वेदना घालवण्याचा हट्ट धरू नका. उलटपक्षी, १९८२ च्या शोधनिबंधात कबात-झिन यांनी ५१ वेदनाग्रस्तांचे यश मोजले ते मेल्झॅक यांच्या वेदना-निर्देशांकावर. त्यांपैकी ६५ टक्के रुग्णांत निर्देशांक किमान ३३ टक्क्यांनी उतरला, हे यशाचे प्रमाण म्हणून मांडले गेले. म्हणजे ज्याची अपेक्षा धरू नये असे शिष्याला सांगायचे, त्याचाच हिशेब संस्थेने ठेवायचा! (निधी व मान्यता यांसाठी आकडे लागतात, हे आपणा महाविद्यालयीन अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.) उरलेल्या ३५ टक्क्यांचे काय, हा प्रश्न मात्र राहतो. ग्रंथातील कथने बहुतांशी लाभ झालेल्यांची आहेत. ज्याचा ठणका तसाच राहिला, तो आपल्या सरावातच काही उणे असावे असे समजून घरी जातो. व्याधीच्या जोडीला नापास झाल्याची भावना त्याच्या पदरी येते. प्रस्तुत लेखिकेस हा या ग्रंथाचा सर्वांत गंभीर दोष वाटतो.

कर्णनादाच्या क्षेत्रात पावेल जास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेली भूमिका या बाबतीत अधिक सावध आहे. कानातला आवाज बंद करण्याऐवजी त्या आवाजाला मेंदूने धोका समजणे थांबवावे, हे तिचे उद्दिष्ट. समुपदेशन आणि मंद ध्वनी देणारे यंत्र ही तिची दोन साधने. अमेरिकी लष्करी रुग्णालयांतील १५१ कर्णनादग्रस्तांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला खरे यंत्र दिले होते, दुसऱ्याला केवळ दिखाऊ, तर तिसऱ्याला प्रचलित उपचार. तिन्ही गटांचा त्रास कमी झाला. गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही. समर्थकांना हा निष्कर्ष निराशाजनक वाटला असेल. तथापि या तिन्ही गटांना, प्रचलित उपचाराच्या गटालाही, समुपदेशन मिळाले होते. कोणीतरी समोर बसून कानातल्या त्या आवाजाविषयी त्यांच्याशी बोलले होते.