पर्वतीय आपत्ती आणि अंकीय नकाशा : एक परीक्षण

नकाशा हेही एक प्रकारचे लेखन आहे. तेव्हा ते कोणी केले, कोठून पाहून केले आणि त्यात काय गाळले, हे प्रश्न ग्रंथाप्रमाणे नकाशालाही विचारले पाहिजेत. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ परिमाणाचा भूकंप होऊन सुमारे ९,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर तयार झालेला अंकीय नकाशा अशा परीक्षणास विशेष पात्र आहे.

‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा सर्वांना मुक्त असलेला नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. भूकंपानंतर देशोदेशींच्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून गोरखा, सिंधुपाल्चोक आदी डोंगराळ जिल्ह्यांतील घरे, पाऊलवाटा व हेलिकॉप्टर उतरण्याजोग्या मोकळ्या जागा त्यावर रेखाटल्या. जेथे मोटार जात नाही, तेथे मदत नेणाऱ्याला वाटेची एक रेघही आधार देते. या कार्याचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि त्याची मर्यादा त्याच्या दृष्टिस्थानातच आहे. आकाशातून छप्पर दिसते. त्याखाली कोण राहते, वस्तीला लोक काय म्हणतात, पावसाळ्यात कोणती वाट बंद होते, हे दिसत नाही. ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या स्थानिक संस्थेचे काम या दृष्टीने निराळे ठरते. भूकंपापूर्वीच काठमांडू खोऱ्यातील शाळा व रुग्णालये यांची नकाशावर नोंद करण्यात तिच्या कार्यकर्त्यांचा वाटा होता. भूकंपानंतर लोकांकडून आलेली मागणी पडताळून ती नकाशावर मांडण्याचे कामही या संस्थेने केले.

आपल्याकडील एक अनुभव येथे आठवतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती एस. टी. बसच्या चालकाच्या, नेहमीच्या जागी त्याला गाव दिसेना. जे नाहीसे झाले ते ओळखण्यास ते पूर्वी पाहिलेले असावे लागते.

म्हणून नकाशाचे काम आपत्तीनंतर नव्हे, तिच्याआधी आणि गावकऱ्यांसह वाटा तुडवून व्हावयास हवे. दूरच्या स्वयंसेवकाने काढलेल्या रेघेला गावाने नाव द्यावे, चूक दाखवावी. आणि वीज व दूरध्वनी बंद पडतात तेव्हा हाती असावी म्हणून त्याची एक कागदी प्रत गावातच राहावी. ज्यांच्यासाठी नकाशा काढला, त्यांनाच तो वाचता व दुरुस्त करता येत नसेल, तर तो कितीही अचूक असला तरी अपुराच म्हणावा लागेल.