‘वाडा चिरेबंदी’तील ‘दिवस’

चारोटीहून जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर या मार्गाने नाशिकला जाता येते. अस्थिविसर्जनासाठी रामकुंडाकडे निघालेले एक कुटुंब चारोटी नाक्यावर चहासाठी थांबले असता प्रस्तुत लेखकाने पाहिले. फडक्यात बांधलेला कलश, रूढीप्रमाणे आत न नेता, बाहेर झाडाच्या फांदीला अडकवला होता. भावाभावांत वाद चालला होता तो दिवसांच्या खर्चाचा. मृताचा उल्लेख ‘त्यांचे’ या एका रूपानेच येत होता. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’चे स्मरण होणे स्वाभाविक होते.

विजया मेहता यांनी १९८५ साली रंगभूमीवर आणलेले हे नाटक विदर्भातील सरंजामी वाड्याच्या ऱ्हासाचे नाटक म्हणून ओळखले जाते. हे वर्णन खोटे नाही; अपुरे मात्र आहे. तात्याजींच्या मृत्यूनंतर धरणगावकर देशपांड्यांचे कुटुंब एकत्र येते. सुधीर व अंजली मुंबईहून येतात. तेराव्याला गावजेवण घालावे तर पैसा नाही, न घालावे तर इभ्रत राहत नाही. शोकाला अवसर मिळण्यापूर्वीच हिशेब सुरू होतो.

येथे मराठीच्या एका प्रयोगाकडे लक्ष वेधणे इष्ट होईल. ‘दिवस’ हा शब्द ‘जाणे’ या क्रियापदासह आला की गर्भधारणा सूचित करतो, ‘फिरणे’सह दैव, आणि ‘घालणे’ वा ‘करणे’ यांसह उत्तरक्रिया. ‘तात्याजींचे दिवस घालणे’ या रचनेत कर्ता जिवंत मनुष्य असतो, कर्म दिवस असतात. मृताच्या वाट्याला केवळ षष्ठी विभक्ती उरते. नाटकातही तात्याजी षष्ठीतच वावरतात : त्यांचा वाडा, त्यांची इभ्रत, त्यांचे दिवस. वेळ पुन्हा पुन्हा विचारणारी वृद्ध दादी मात्र आपल्या मुलाला, व्यंकटेशला, हाक मारते. घरातील इतरांना ती निरर्थक बडबड वाटावी, अशीच ही योजना आहे. परंतु मृताला नात्याने, संबोधनाने स्मरणारा स्वर तोच होय.

एक उणीव नोंदवली पाहिजे. रंजू दागिने घेऊन पळून जाते ही घटना कथानकाची निकड भागविण्यासाठी योजल्यासारखी वाटते. वहिनी रात्री दागिने अंगावर घालते, त्या प्रवेशाने सोन्याचा मोह आणि त्यातील कारुण्य आधीच सिद्ध झालेले असते. प्रभाच्या अडलेल्या शिक्षणाची व्यथाही घटनेवाचून अधिक खोल जाते.

तरीही ऱ्हासाचे समाजशास्त्र एवढेच या नाटकात पाहणारी समीक्षा दादीची हाक ऐकत नाही, असे म्हणावे लागते. चारोटीला ते कुटुंब निघाले तेव्हा थोरल्याने कलश फांदीवरून उतरवला, दोन्ही हातांत घेतला आणि हलक्या आवाजात म्हटले, “चला, अण्णा.” खर्चाचा वाद मिटला नव्हता; पण गाडीत बसताना कोणी तो पुढे चालवला नाही.