ध्रुवाख्यानातील नारद

ध्रुवाचे आख्यान ऐकले नाही असा मनुष्य पेडणे-डिचोलीकडे विरळाच. पित्याच्या मांडीला मुकलेला पाच वर्षांचा राजपुत्र अखेर अढळपदी बसतो आणि श्रोते तृप्त मनाने सभामंडपाबाहेर पडतात. तथापि, मांडीपासून अढळपदापर्यंतची वाट आपले कीर्तनकार पुष्कळदा फार घाईने उरकतात, अशी आमची तक्रार आहे. निश्चयाचे कौतुक होते, जखम तशीच राहते.

भागवताच्या चौथ्या स्कंधात ही घाई नाही. सुरुची कठोर बोलते, राजा ऐकून मुकाट राहतो, मूल स्फुंदत आईकडे धावते. सुनीती त्याच्यापासून सत्य लपवीत नाही आणि त्याला द्वेषही शिकवीत नाही. पुढे नारद भेटतात. ते प्रथम त्याच्या मस्तकावर हात ठेवतात आणि मग आपण सारे जे म्हणतो तेच म्हणतात : खेळण्याच्या वयात कसला मान नि कसला अपमान! ध्रुव नम्रपणे सांगतो की, शब्दबाणांनी भेदलेल्या हृदयात हा उपदेश ठरत नाही. त्यावर देवर्षी द्रवतात, आपला आग्रह सोडतात आणि त्याला मार्ग दाखवितात. आख्यानाचा खरा कळस आम्हांस येथे दिसतो.

कीर्तनाचा हेतू भक्ती हा आहे, मानसशास्त्र नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ३ मे २०२५ रोजी पहाटे शिरगावी श्रीलईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. जत्रेला आपण मुलांना खांद्यावर घेऊन जातो. अशा प्रसंगानंतर “लहान आहे, विसरेल” हे आपले ठरलेले वाक्य. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला भय शब्दांत सांगता येत नाही. ते वागण्यातून बाहेर पडते. मूल झोपेतून दचकून उठते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते, ते आईचा पदर सोडीत नाही, ढोल वाजताच कान झाकते, तोच प्रसंग खेळात पुन्हापुन्हा मांडते; एखादे अगदी अबोल होते.

अशा मुलास हट्टी म्हणू नये. जेवण, झोप, खेळ यांच्या वेळा सांभाळाव्यात, रोजचे माणूस जवळ असावे, विचारील तेवढेच खरे उत्तर द्यावे, बोलण्याचा आग्रह धरू नये. महिना उलटूनही फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. बांबोळीस मानसोपचार संस्था आहे, तेथे जाण्यात कमीपणा नाही. ध्रुव वनात एकटा गेला. आपल्या मुलांवर ती पाळी येऊ नये.

कीर्तनकारबुवांस आमची एवढीच विनंती : नारदांचा हात त्या मस्तकावर आहे तेथे एखादा अभंग होईतो थांबावे. ऐकणाऱ्यांत एखादा ध्रुव बसलेला असेल, आणि त्याचा बापही.