खाडाखोडीचें साधन

लेखनाचें साधन चांगलें कीं वाईट हें आपण बहुधा त्यावर पहिला मजकूर किती झपाट्यानें उतरतो यावरून ठरवितों. आमच्या मतें ही कसोटी अपुरी आहे. लिहिलेलें पुसणें, गळलेलें अक्षर मध्यें घालणें, एका शब्दाच्या जागीं दुसरा नेमका शब्द बसविणें हें ज्याच्या योगानें सुकर होतें, तेंच खरें लेखकाचें साधन. आपले जुने पोथीलेखक हें पुरतें जाणून होते. चुकलेल्या अक्षरावर ते पिवळा हरताळ फांसीत आणि गळलेलें अक्षर समासांत लिहून ओळींत त्याच्या जागीं काकपदाची खूण करीत. ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार आपण आजहि वापरतों. परंतु त्याच्या मागें पाठशुद्धीची एक संपूर्ण शिस्त उभी होती हें विसरतों. शके 1506 मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच शिस्तीच्या जगांत.

ही कसोटी खिशांतील स्मार्टफोनास लावून पाहण्याचा प्रसंग आम्हांवर गेल्या पावसाळ्यांत आला. आम्ही पौड येथें मुक्कामास होतों आणि एका माजी विद्यार्थिनीचा मुळशी धरणावरील लेख फोनवरच तपासीत होतों. टाटांच्या वीजनिर्मितीसाठीं बांधावयाच्या या धरणाविरुद्ध 1921 सालीं सत्याग्रह सुरू झाला व सेनापति बापट त्याचे पुढारी होते, हें वाचकांस ठाऊक आहेच. लेखांत एक वाक्य होतें : ‘पणजीचें गांव बुडालें.’ आम्हांस वाटलें, येथें ‘बुडविलें’ हवें. गांव बुडालें म्हटलें कीं तो नदीचा कोप ठरतो. बुडविलें म्हटलें कीं बुडविणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. सत्याग्रह झाला तो या दुसऱ्या क्रियापदासाठींच.

बदल तो केवढा? ‘डा’चा काना काढून तेथें ‘वि’ घालावयाचा. परंतु ‘डा’ आणि ‘लें’ यांच्यामधल्या तांदळाएवढ्या फटींत बोट ठेवावयाचें कसें? जें अक्षर पाहावयाचें तेंच बोटाखालीं झांकलें जाई. कर्सर एकदां शब्दाच्या आरंभीं गेला, एकदां खालच्या ओळींत उतरला. चौथ्या खेपेस मनांत आलें, ‘जाऊं द्या, बुडालें काय नि बुडविलें काय!’ आणि आम्ही दचकलों. शब्दाचा निवाडा आमची बुद्धि करीत नव्हती, बोटाचा कंटाळा करीत होता.

तेव्हां आम्हांस पडदा सरकवितांच खालून खराखुरा कळफलक बाहेर येई त्या जुन्या फोनांची आठवण झाली. 2008 सालच्या एच्‌टीसी ड्रीमवर कर्सर हालविण्यास एक लहानसा फिरता गोळा होता. 2009 च्या नोकिया एन-97 वर चार दिशांची कळ होती. शब्दाच्या शेवटून डावीकडे एक पाऊल टाकलें कीं ‘लें’ ओलांडला जावा आणि कर्सर नेमक्या फटींत उभा राहावा, अशी ती सोय. मग मागें पुसणारी कळ एकदां दाबली कीं पुरे; कारण बहुतेक यंत्रांत ती देवनागरी अक्षराचा शेवटचा घटक तेवढाच काढते. ‘क्षि’ पुसतांना आधीं वेलांटी जाते, मग ‘ष’, मग हलन्ताची खूण आणि शेवटीं ‘क’. उलट 2007 सालीं निघालेल्या आय-फोनवर मजकूर कापून दुसरीकडे चिकटविण्याची सोय 2009 पर्यंत नव्हतीच. काचेच्या कर्त्यांस प्रथम लेखन सुचलें, संशोधन मागाहून.

परंतु येथेंच निकाल दिला तर तो अन्याय होईल. त्या सुबक कळांवर कोरलेलीं अक्षरें इंग्रजी होतीं. भारतीय मानक ब्यूरोनें 1991 सालीं मान्य केलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणींत च, ट, ड आणि य हीं चार अक्षरें इंग्रजीच्या 26 अक्षरांच्या कळांबाहेर, विरामचिन्हांच्या व कंसाच्या कळांवर येतात. तीन ओळींच्या दाटीवाटीच्या कळफलकावर या कळा एक तर नसत, किंवा भलत्याच ठिकाणीं असत. म्हणजे चिखल, घाट, डोंगर आणि पायवाट यांवांचून मुळशीचें वर्णन करावयाचें! काचेवरील अक्षरें मात्र कोरलेलीं नसतात, तीं बदलतां येतात. म्हणूनच खेड्यापाड्यांतील माणूस आज आपल्या लिपींत लिहूं लागला. हा उपकार लहान नव्हे. काचेनें आपणांस लिपि दिली. मोबदल्यांत दुसरा विचार महाग केला, इतकेंच.

हा मोबदला अटळ आहे काय? आम्हीं विद्यार्थिनीस फोन करून अडचण सांगितली. ती म्हणाली, “सर, खालच्या रिकाम्या पट्टीवर बोट ठेवून हळूं सरकवा, कर्सर आपोआप सरकेल.” गुगलच्या कळफलकावर ही सोय आहे; आम्हांस ठाऊक नव्हती. दोन निमिषांत ‘बुडविलें’ जागीं बसलें. बदल तिला पसंत आहे ना, असें विचारतांच ती क्षणभर थांबली. “मला तेंच लिहायचं होतं, सर. ‘बुड’ लिहिल्याबरोबर फोननं ‘बुडालें’ सुचवलं. दाबून गेलें, मग मागें जायचा कंटाळा आला.”

तिचें हें उत्तर आम्हांस त्या वाक्याहून अधिक टोंचलें. यंत्र सुचवितें तो शब्द सर्वांत रुळलेला असतो, सर्वांत खरा असेलच असें नाहीं. आणि मागें फिरणें जितकें कष्टाचें, तितकें रुळलेल्याचें राज्य अधिक. हिंजवडीचें संगणक-केंद्र याच मुळशी तालुक्यांत आहे. मराठी कळफलक करणारांनीं बाणांच्या दोन ठळक कळा पडद्यावर कायमच्या द्याव्या, एवढेंच आमचें मागणें आहे. आणि तोंपर्यंत लिहिणारांनीं बोटाचा कंटाळा बुद्धीच्या नांवावर खपवूं नये.