'संजू'ला माफी, इतरांचे काय?

राजकुमार हिरानी यांचा 'संजू' २०१८ साली आला आणि देशात ३०० कोटींहून अधिक कमाई करून गेला. रणबीर कपूर यांचा अभिनय चांगला आहे, परेश रावल यांचा सुनील दत्त मनाला भिडतो. आमचा वाद पटकथेशी आहे. संजय दत्त यांच्या आयुष्यावर दोन डाग होते, एक नशेचा व दुसरा गुन्ह्याचा. पटकथा दोन्ही धुऊन काढते, पण सारख्या रीतीने नाही.

नशेबद्दल चित्रपट मोकळेपणाने बोलतो. आईच्या आजारपणातही मुलगा नशेत असतो, हे झाकलेले नाही. बाप त्याला अमेरिकेत उपचाराला नेतो, तो सुटतो, प्रेक्षक माफ करतो. शस्त्राची गोष्ट आली की हा मोकळेपणा संपतो. न्यायालयाने २००६ साली टाडाच्या आरोपांतून त्यांना मुक्त केले, शस्त्र कायद्याखाली मात्र दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सहा वर्षांची शिक्षा पाचवर आणली, पण दोष कायम ठेवला. चित्रपटाचा सारा भर 'तो अतिरेकी नव्हता' यावर, आणि खापर वर्तमानपत्रांवर. आमच्या दहावीच्या वर्गात या चित्रपटाचे संवाद पाठ असलेली मुले होती; मूळ गुन्हा कोणता, हे त्यांना सांगता येईना. जणू गुन्हेगाराला जवळ करायचे तर आधी त्याचा गुन्हा लहान करावा लागतो!

ज्याला असा पटकथाकार मिळत नाही, त्याने काय करावे? गर्दच्या पुडीसाठी घरची भांडी विकणारा, मग शेजाऱ्याची सायकल उचलून शिक्षा भोगलेला मुलगा घ्या. नशा सुटते. मोहल्ला म्हणतो, 'बरा झाला बिचारा.' दुकानात ठेवायची वेळ आली की तोच मोहल्ला म्हणतो, 'गल्ल्यावर नको.' नोकरीला पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो, तो वेगळाच. आजारी बरा होतो, चोर मात्र चोरच राहतो, आणि हे दोघे एकच माणूस आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. कायदा त्या मानाने उदार म्हणायचा. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता कलम १२ प्रमाणे लागत नाही. गल्ल्याला हे कलम ठाऊक नाही.

मराठीत अनिल अवचट यांनी 'गर्द' लिहिले. त्याच कामातून १९८६ साली पुण्यात येरवड्याला मुक्तांगण उभे राहिले, आणि तिथे बरे झालेले काही रुग्णच पुढे इतरांचे समुपदेशक झाले. ज्याच्यावर घरचेही विश्वास ठेवत नव्हते, त्याच्या हाती दुसऱ्याचा मुलगा सोपवला गेला. अशा माणसाची कथा आमच्या चित्रपटांना का दिसत नाही?

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी संजय दत्त येरवड्याच्याच तुरुंगातून सुटले. बाहेर छायाचित्रकारांची गर्दी होती. त्याच दारातून सुटणाऱ्या बिननावाच्या कैद्याला न्यायला बहुधा आई आलेली असते, आणि तीही त्याला मागच्या गल्लीने घरी नेते.