फोटोखालची ओळ वाचा

परभणीच्या कुठल्याही पेपरचं जिल्ह्याचं पान नेमाने वाचत असाल, तर एक फोटो तुम्ही हमखास पाहिला असेल. मागे पोलिसांचं पथक उभं, पुढे जमिनीवर उकिडवे बसवलेले आरोपी, शेजारी जप्त केलेला मुद्देमाल. खटला अजून सुरूही झालेला नसतो. पण कोण उभं आणि कोण बसलेलं, एवढ्यावरच आपण निकाल देऊन मोकळे होतो.

माझ्या पीएचडीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. माणसाचं चित्र त्याची ओळख दाखवतं, की घडवतं?

या फोटोचे पूर्वज शोधत मी ‘द पीपल ऑफ इंडिया’पर्यंत पोचले. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेले हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत साडेचारशेहून जास्त फोटो आहेत. फोटो म्हणून त्यातले कित्येक उत्तम आहेत. कपडे, दागिने, हत्यारं, सगळं स्पष्ट दिसतं. सामाजिक इतिहासाला हे पुस्तक टाकून देता येत नाही, हे मान्यच.

गोची आहे ती खालच्या ओळीत. संस्थानिकाच्या फोटोखाली त्याचं नाव सापडतं. साध्या माणसाच्या फोटोखाली बहुतेकदा नुसती जात किंवा जमात. म्हणजे एका माणसाचा चेहरा अख्ख्या समाजाचा होऊन बसतो. सोबतच्या मजकुरात ‘हे लोक चोर’ असं लिहिलं, की तो डागही सगळ्यांना लागतो.

हे खंड निघत असतानाच, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा आला. पुस्तकामुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही. पण दोन्हींमागचा विचार एकच: एकाचा गुन्हा तो जमातीचा. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तिथेही पुढे असे नियम झाले. १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. एका पारधी वस्तीवर मी फोटोसाठी मोबाइल काढला, तर आजी म्हणाल्या, “फोटू कशाला गं बाई? ठाण्यात लावायलीस का?” मी मोबाइल पिशवीत ठेवला. मग त्यांनी आपणहून नाव सांगितलं, माहेर सांगितलं.

आता याच जिल्ह्यातलं उलट उदाहरण बघा. गंगाखेडच्या संत जनाबाईंचं त्यांच्या काळातलं चित्र आपल्याकडे नाही. तरी जात्यावर दळणारी जनी आणि तिला दळू लागणारा विठ्ठल तुमच्या डोळ्यांसमोर लगेच उभे राहतात. चेहरा चित्रकारांच्या कल्पनेतला. नाव मात्र तिचं, तिनेच आपल्या अभंगांत घातलेलं. ती घरकाम करणारी दासी होती. पण आपण कोण, हे तिचं तिनेच सांगितलं, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरातही ती ‘एक दासी’ न राहता जनाबाईच राहिली.

म्हणून माझ्या मते कीर्ती आणि बदनामी यांतला फरक चेहऱ्यात शोधू नये. ओळख सांगायचा हक्क कुणाकडे होता, ते बघावं. उद्या पेपरात तसा फोटो आला, तर आधी खालची ओळ वाचा. कुणाकुणाची नावं छापलीत, आणि कुणाला नुसतं ‘आरोपी’ म्हटलंय, ते मोजा.