जुने पुस्तक, नवा गाभा

जोनाथन कॉर्बेट, अलेस्सान्द्रो रुबिनी व ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ (तिसरी आवृत्ती, २००५) हे पुस्तक विनामूल्य वाचायला मिळते. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि छापयंत्र, कळफलक यांसारखी उपकरणे यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. ती कशी लिहावी, हा या पुस्तकाचा विषय.

पुस्तकाची मोठी जमेची बाजू म्हणजे त्यातील ‘स्कल’ हा नमुना. तो स्मृतीच्या एका भागालाच उपकरण मानतो. त्यामुळे वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. शाळेतला साधा संगणक पुरतो.

अडचण पुढे आहे. पुस्तक कर्नलच्या २.६.१० या आवृत्तीवर बेतलेले आहे. आजच्या कर्नलवर त्यातील नमुने जसेच्या तसे कंपाइल होत नाहीत. बाहेरच्या प्रोग्रॅमांना दिलेला शब्द कर्नल पाळतो. आतली रचना बदलण्याची मोकळीक मात्र स्वतःकडे राखतो.

एकच उदाहरण घेऊ. ड्रायव्हरच्या कामांच्या यादीतील ‘आयओसीटीएल’ हा कप्पा २०१० साली, २.६.३६ या आवृत्तीत काढून टाकला गेला. विद्यार्थी त्या जागी ‘अनलॉक्ड आयओसीटीएल’ हे नवे नाव घालतो, फंक्शनला मिळणारी एक माहिती गाळतो आणि तक्रार बंद होते. काम झाले का? नाही. जुन्या कप्प्यात शिरण्यापूर्वी कर्नल स्वतः एक मोठे कुलूप लावत असे. नव्यात ते नाही. नावच तसे सांगते. आता दोन प्रोग्रॅम एकदम आत शिरू शकतात. कुलूप लावण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर आली आहे.

भिवंडीत वाढलेल्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. थांबवणारा काटा बांधून ठेवला तर माग चालेल, पण कापड सदोष निघेल. कंपायलरची तक्रार हा तो काटा आहे.

गंमत अशी, की सहाव्या प्रकरणातील या बिघाडाचे उत्तर पाचव्या प्रकरणात आहे. एकाच वेळी चालणारी कामे व कुलपे यांचे तेथील विवेचन आजही वाचण्याजोगे आहे. आमची तक्रार वेगळी आहे. आवृत्त्या बदलत राहतील याची सूचना लेखक देतात; पण मोडलेला नमुना पायरीपायरीने दुरुस्त करून दाखवत नाहीत. त्या वाचकाला नेमके तेच हवे असते.

ती उणीव शिक्षकांनी भरून काढावी. प्रत्येक दुरुस्तीसमोर विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहाव्यात : काय बदलले, का बदलले, आणि पूर्वी कर्नल करीत असलेले कोणते काम आता आपल्यावर आले. मग दोन प्रोग्रॅम एकदम चालवून पाहावे. एवढे केले, तर जुने झालेले हे पुस्तक नव्या पुस्तकापेक्षा अधिक शिकवील, असे आम्हाला वाटते.